बाहेरचे पेशंट



या अंकाचं संपादकीय कवितेवर लिहायचं ठरलं होतं. चार पानं लिहूनसुद्धा झाली होती. ती फाडली नाहीत, बाजूला ठेवली. आषाढात आमच्या काकीला मण्यार चावली आणि त्या धावपळीत एक शब्द माझ्या अंगाला असा चिकटला की अजून निघत नाही. शब्द साधाच. इस्पितळात केसपेपरच्या खिडकीवर बसलेल्या बाबूनं पत्ता विचारला. मी म्हटलं, आसनगाव. त्यानं पेन थांबवलं, शेजारच्याकडं बघितलं आणि म्हणाला, "हे पण बाहेरचेच."

बाहेरचे! हा शब्द आपल्याला नवा आहे का? आपले बापजादे याच शब्दात जन्मले आणि याच शब्दात मेले. गावकुसाच्या बाहेर, पाणवठ्याच्या बाहेर, देवळाच्या बाहेर, शाळेच्या ओट्याखाली. मॅट्रिक झालो, लोकल धरली, गोदीत ओझं उचलायला लागलो तेव्हा वाटलं होतं, हा शब्द मागं आसनगावच्या फलाटावर राहिला. पण साला आमच्या आधीच शहरात जाऊन खिडकीमागं बसलेला.

आधी काय झालं ते सांगतो. मग सरकारच्या प्लॅनवर येतो.

मण्यार चावते तेव्हा दुखत नाही. माणूस झोपेत असतो, त्याला कळतही नाही. काकी जमिनीवर झोपली होती. पहाटे पोटात कळ आली, मग पापण्या वर होईनात, मग बोलणं जड झालं. चुलतभावानं रिक्षा काढली. पहिल्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होता, लस होती, लस दिली. हे लिहिलंच पाहिजे, कारण त्या पोरसवदा डॉक्टरनं जे त्याच्या हातात होतं ते सगळं केलं. पण मण्यारीचं विष श्वास बंद पाडतं. लस दिली तरी काही तास, कधी काही दिवस श्वास मशीनवर चालवावा लागतो. तिथं मशीन नव्हतं. "पुढं न्या." दुसऱ्या ठिकाणी मशीन होतं, मोकळं नव्हतं. पुन्हा "पुढं न्या." मी रात्रपाळी संपवून यलो गेटातून बाहेर पडत होतो तेव्हा फोन आला की गाडी मुंबईच्या दिशेनं निघालीय. तिसऱ्या इस्पितळात मी त्यांच्या आधी पोचलो.

तिथंही मशीन रिकामं व्हायला वेळ होता. काकीच्या घशात नळी घातली, नळीला रबरी फुगा लावला आणि फुगा माझ्या हातात दिला. इस्पितळात वॉर्डबॉयला मामा म्हणायचं असतं आणि आयाबाईला मावशी. नातं जोडल्याशिवाय तिथं पान हलत नाही. तर ते वॉर्डातले मामा मला म्हणाले, "पोरा, सोत्ताच्या श्वासाकडं बघ. तू घेतलास की दाब, तू सोडलास की सोड. झोपायचं नाय."

साडेचार तास मी काकीचा श्वास हातानं चालवला. रात्रभर गोणी उचललेले हात. तिसऱ्या तासाला बोटं वळेनात. मामांनी मधे दोनदा फुगा आपल्या हातात घेतला, मला चहा पाजला. बोलता बोलता कळलं, मामा अठरा वर्षं तिथं आहेत. ठेकेदाराकडं. दोन महिन्यांचा पगार व्हायचा होता.

काकी वाचली. नऊ दिवसांनी घरी आली. आवाज थोडा बसलाय, पण भांडायला पुरतो. तेव्हा हे रडगाणं नाही. मी हिशोब मांडायला बसलोय.

आमच्या भागातल्या माणसाला इस्पितळांचा नकाशा वेगळा लागत नाही. लोकलच्या डब्यात दारावर स्टेशनांची पट्टी असते, ती पुरते. कल्याणला उतरलं की रुक्मिणीबाई. तिथं गाडी बदलली की उल्हासनगरचं मध्यवर्ती. कळव्याला महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज. ठाण्याला सिव्हिल. शीवला लोकमान्य टिळक. परळला केईएम, वाडिया आणि टाटा. भायखळ्याला जे. जे. शेवटच्या फलाटापाशी सेंट जॉर्जेस. आसनगाव ते शेवटचा फलाट ८६ किलोमीटर. रोग जेवढा मोठा, तेवढं स्टेशन लांब. ताप शहापुरात उतरतो, हाड मोडलं तर ठाणं, कॅन्सर झाला तर परळ. दारात लटकलेली पोरं बघून पहिल्या वर्गातले नाक मुरडतात. त्या गर्दीत कुणाच्या पिशवीत एक्सरे आहे, कुणाच्या डब्यात पेशंटाची पेज आहे, हे त्यांना कुठनं दिसणार? आणि हे झालं रेल्वेकाठच्या माणसाचं. मुरबाडला तर रेल्वेच नाही. डोंगरातल्या पाड्यावरची बाळंतीण अजून झोळीतून डांबरी रस्त्यापर्यंत आणावी लागते. दर पावसाळ्यात पेपरात तिचा फोटो येतो, आणि पावसाळा संपला की तोही वाहून जातो.

आता प्लॅन. या पट्टीवरची बरीच इस्पितळं पाडायची, वाढवायची, दुसऱ्याच्या हाती द्यायची कामं निघाली आहेत. सरकारी भाषेत याला पुनर्विकास म्हणतात. झोपडपट्टीवाल्यांना हा शब्द ओळखीचा आहे. ट्रान्झिट कॅम्पात ज्यांचा जन्म गेला त्यांना तर फारच.

ठाण्याचं सिव्हिल घ्या. विठ्ठल सायन्ना यांच्या नावाचं, १९३६ सालचं. आमची आजी त्याला ठाण्याचा मोठा दवाखाना म्हणायची. शहापूर, मुरबाड, भिवंडी, सगळ्यांचं जिल्ह्याचं इस्पितळ हेच. २०२३ साली ते जुन्या जागेवरून उठवलं, मनोरुग्णालयाच्या आवारात तात्पुरतं नेलं, आणि जुन्या जागी ९०० खाटांचं सुपरस्पेशालिटी इस्पितळ होणार म्हणून जाहीर झालं. आकडा चांगला आहे. आधी तीनशेच्या वर खाटा होत्या, त्याच्या ९०० होणार असतील तर कोण गाढव नको म्हणेल? मीही म्हणत नाही. इमारत जुनी होती हेही खरं.

पण त्याच वर्षी ऑगस्टात कळव्याच्या इस्पितळात चोवीस तासांत १८ माणसं मेली. ५०० खाटांचं इस्पितळ. मंत्री येऊन गेले, चौकशी समिती बसली. कुणाला उशिरा आणलं होतं, कुणाचं वय झालं होतं, कुणी विष प्यालं होतं, अशी कारणं सांगितली गेली. ती खोटी म्हणायला माझ्याकडं पुरावा नाही. पण सिव्हिल हलल्यामुळं कळव्यावर लोंढा वाढला, हे तेव्हा उघड बोललं जात होतं, आणि ते समजायला समिती लागत नाही. एक स्टेशन बंद झालं की पुढच्या स्टेशनावर किती गर्दी होते हे लोकलवाल्याला विचारा.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि सगळं संपादकीय याच एका म्हणण्यासाठी आहे. प्लॅन करणारा उद्याच्या खाटा मोजतो. आजची खाट पाडताना तिच्यावरचा माणूस कुठं जाईल, हे तो मोजत नाही. का? कारण तो माणूस बाहेरचा आहे. त्याच्या हिशोबातच धरलेला नाही.

ही रीत नवी नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तो गोदीच्या अंगणात, मांडवीत. डॉक्टर व्हिएगास यांनी तो सप्टेंबरात ओळखला. सरकारचा पहिला इलाज काय? माणूस घरातून उचला, इस्पितळात कोंडा, घराची छपरं काढा. तेव्हाच्या गिरणी कामगारांना इस्पितळ म्हणजे मरायची जागा वाटायची, आणि ऑक्टोबरात त्यांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. कामगार अडाणी होते म्हणून, असं पुस्तकवाले लिहितात. मला तसं वाटत नाही. त्यांना विचारलं नव्हतं, एवढंच. दोन वर्षांनी, १८९८ साली, सरकारनं इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. शहर सुधारायचं. नागपाड्यापासून पाडापाडी सुरू झाली. चाळी पाडल्या भराभर, नव्या बांधल्या सवडीनं, आणि उठवलेली माणसं शेजारच्या चाळीत आणखी दाटीनं जाऊन बसली. ज्या दाटीमुळं प्लेग झाला म्हणून सांगितलं ती दाटी सुधारणेनंच वाढवली. सिव्हिल आणि कळव्याचा हिशोब यापेक्षा वेगळा कसा, ते कुणीतरी मला समजावून सांगावं.

त्याच प्लेगात पुण्याकडं दुसरी एक रीत चालू होती. सावित्रीबाईंनी आणि यशवंतानं माळावर दवाखाना थाटला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातलं गायकवाडांचं प्लेगनं तापलेलं पोर सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं. पोर जगलं. बाई त्याच प्लेगनं १० मार्च १८९७ ला गेल्या. त्यांच्या खिडकीवर 'बाहेरचे' असा रकाना नव्हता. महारवाड्यातला पेशंट आपल्या दारात यायची वाट न बघता त्या त्याच्या दारात गेल्या. आज जोतिबांच्या नावानं जनआरोग्य योजना आहे. योजनेचा मला राग नाही. कित्येकांची ऑपरेशनं तिच्यात झाली. पण योजनेचं कार्ड खिशात ठेवून श्वास घेता येत नाही. मशीन लागतं, मशीन चालवणारा लागतो, आणि तो घरापासून अर्ध्या तासावर लागतो.

आता खाटांचा हिशोब. इंग्रज जायच्या आदल्या वर्षी, १९४६ साली, सर जोसेफ भोर यांच्या समितीचा अहवाल आला. तेव्हा या देशात हजार माणसांमागं पाव खाटसुद्धा नव्हती. आकडा आहे ०.२४. भोर समितीनं सांगितलं, चाळीस वर्षांत ती हजारी ५.६७ झाली पाहिजे, आणि सुरुवात खेड्यापासून झाली पाहिजे. पैसे नाहीत म्हणून कुणाला उपचार नाकारले जाऊ नयेत, हेही सांगितलं. म्हणजे १९८६ च्या सुमारास हे सगळं व्हायला हवं होतं. मग २०१७ साली आपल्याच सरकारचं राष्ट्रीय आरोग्य धोरण आलं. त्यात उद्दिष्ट किती? हजारी २ खाटा. सत्तर वर्षं पुढं आलो आणि मागणी निम्म्याहून खाली आणली! गुलाम देशातल्या कमिटीनं मागितलं त्याच्या निम्मंही स्वतंत्र देश मागायला तयार नाही. आणि त्या २ खाटासुद्धा कुठं? जिथं स्टेशन आहे, मॉल आहे, चटईक्षेत्र आहे तिथं. कागदावरचा नियम सांगतो, डोंगराळ आणि आदिवासी भागात २० हजार माणसांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र. केंद्राची इमारत मोजली जाते. रात्री तिथं दिवा लागतो का, हे कोण मोजणार?

याच्या उलट बाहेर काय झालं बघा. इंग्लंडात १९४५ साली अन्युरिन बेव्हन आरोग्यमंत्री झाला. तेराव्या वर्षी शाळा सोडून कोळशाच्या खाणीत गेलेला माणूस. त्याच्या गावच्या खाणकामगारांनी पगारातून पैसे कापून आपली दवापाण्याची सोसायटी चालवली होती. बेव्हननं तोच हिशोब सगळ्या देशाला लावला. ५ जुलै १९४८ पासून तिथं इस्पितळं सरकारी झाली आणि दारात कुणी पैसे मागायचं बंद झालं. ती व्यवस्था आता तिथंही खंगत चाललीय हे खरं. पण प्लॅन कुणी केला ते बघा. ज्याच्या फुप्फुसाजवळ कोळशाची धूळ पोचली होती त्यानं. आपल्याकडंही असं एकदा घडत आलं होतं. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूर खात्याचे सदस्य असताना, १९४४ साली, अडारकरांचा कामगार विम्याचा अहवाल आला आणि त्यातून १९४८ चा ईएसआय कायदा निघाला. कामगाराचं आजारपण ही धर्मादायाची बाब नाही, हक्काची आहे, हे त्यातलं मूळ. आज आमच्या टोळीत बारा जण आहेत. मुकादमाला ईएसआय कार्डाचं विचारलं की तो हसतो.

आता मुंबईकडं येऊ, कारण खरा डाव तिथं आहे.

२०२४-२५ च्या सुमारास मुंबई महापालिकेत एक विचार पुढं आला. केईएम, नायर, शीव इथं बाहेरगावचे पेशंट फार येतात, शहराच्या पैशावर ताण पडतो, तेव्हा मुंबईबाहेरच्या पेशंटांना वेगळा, जादा दर लावावा. पेपरात आलं तेव्हा आमच्या डब्यातल्या काही पोरांनासुद्धा ते बरोबर वाटलं. मुंबईचा पैसा मुंबईला!

ठीक आहे. मग पाण्याचाही हिशोब होऊन जाऊ द्या.

मुंबई सात तलावांचं पाणी पिते. त्यातलं निम्म्याच्या आसपास एकट्या भातसाचं. भातसा कुठं आहे? शहापूर तालुक्यात. तानसा कुठं आहे? शहापूर तालुक्यात. तानसाचं धरण १८९२ सालचं, म्हणजे सव्वाशे वर्षांहून जास्त काळ हे पाणी खाली जातंय. मोडकसागर, मध्य वैतरणा, तेही याच डोंगरांच्या पोटातलं. रात्रंदिवस, आमच्या शेतावरून, आमच्या पाड्यांच्या उशाखालून ते पाणी पिसे-पांजरापूरकडं आणि तिथून मुंबईच्या नळात जातं. केईएमच्या ऑपरेशन थेटरात डॉक्टर हात धुतो ते याच पाण्यानं. आणि एप्रिल उजाडला की याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतो. आया-बहिणी हंडे घेऊन रांगेत. पाणी जातं तेव्हा शहापूर मुंबईचं. शहापूरचा पेशंट जातो तेव्हा तो बाहेरचा! जादा दर लावायचा तर लावा, आधी भातसाच्या पाण्याला लावा. बघू कुणाचा ताण कुणावर पडतो.

आणि केईएम तरी कुणी उभं केलं? १९२६ सालचं इस्पितळ. शेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी कॉलेजाला पैसे दिले ते अट घालून, की तिथं शिकवणारे सगळे हिंदी माणसंच असतील. कारण गोऱ्यांच्या इस्पितळात आपल्या डॉक्टरांना 'बाहेरचे' ठरवलं जात होतं. शीवचं इस्पितळ १९४७ साली लष्कराच्या बराकीत ५० खाटांवर सुरू झालं. ही इस्पितळं मोठी झाली ती बाहेरच्यांमुळं. गिरणीत, गोदीत, गटारात काम करायला आलेल्या प्रत्येकाचा पत्ता कधी ना कधी बाहेरचाच होता. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन जहाज फुटलं, तेव्हा गोदीतून उचलून आणलेल्या माणसांना कुणी गाव विचारलं असेल का?

दुसरा डाव भागीदारीचा. २०२५ साली गोवंडीचं शताब्दी आणि मानखुर्दला लल्लूभाई कंपाउंडातलं इस्पितळ खाजगी भागीदारीत द्यायच्या निविदा निघाल्या. तिथल्या लोकांनी रस्त्यावर येऊन विरोध केला. तो एम-पूर्व विभाग. मुंबईच्या २००९ च्या मानवी विकास अहवालात सगळ्यात तळाला असलेला. देवनारची कचराभूमी तिथं, कत्तलखाना तिथं, प्रकल्पग्रस्त म्हणून उचलून टाकलेली माणसं तिथं. ज्या वस्तीला सरकारी इस्पितळाची सगळ्यात जास्त गरज, तिथूनच सरकारला अंग काढून घ्यायचंय.

भागीदारी म्हणजे काय ते मुंबईनं एकदा करून बघितलंय. मरोळला महापालिकेच्या जमिनीवर सेव्हन हिल्स उभं राहिलं. १५०० खाटांचा बेत, त्यातल्या २० टक्के खाटा महापालिकेच्या पेशंटांना, असं ठरलेलं. त्या खाटांवरूनच भांडण लागलं. २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या कोर्टात. २०२० साली करोना आला तेव्हा महापालिकेलाच तिथं पळावं लागलं. जमीन लोकांची, संकटात भार लोकांचा, मधल्या काळात बोर्ड कंपनीचा. तसंच धर्मादाय इस्पितळांचं. २००६ पासून हायकोर्टाच्या आदेशानं १० टक्के खाटा निर्धनांना फुकट आणि १० टक्के दुर्बलांना निम्म्या दरात ठेवायच्या आहेत. तुमच्यापैकी किती जणांना अशी खाट मागितल्यावर पहिल्या झटक्यात मिळाली, ते कळवा. मी तुमची पत्रं छापीन.

आता मामांकडं परत येतो. अठरा वर्षं ठेक्यावर.

नव्या इस्पितळाच्या चित्रात काचा असतात, झाडं असतात, पांढऱ्या कोटातली गोरी माणसं असतात. फरशी पुसणारा कधी असतो का? भिंती चढतात तशा कायम जागा गळतात. सफाई, सुरक्षा, वॉर्ड, सगळं ठेकेदाराकडं. ६ सप्टेंबर २०२३ ला तर राज्य सरकारनं नऊ कंपन्यांमार्फत सरकारी नोकरभरतीचा निर्णयच काढला होता. पोरं रस्त्यावर आली म्हणून ऑक्टोबरात तो मागं घ्यावा लागला. निर्णय गेला, ठेका राहिला. ठेक्यात आरक्षण नाही, पेन्शन नाही, रजा नाही. फक्त झाडूला तेवढं आपलं आरक्षण अजून शंभर टक्के आहे. तिथं कुणी मेरिटची तक्रार करत नाही.

झाडूची गोष्ट निघाली म्हणून. २०२३ च्या सप्टेंबर अखेरीस नांदेडच्या सरकारी इस्पितळात चोवीस तासांत २४ माणसं मेली, त्यात १२ नवजात पोरं. एक खासदार तिथं गेले आणि त्यांनी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांना शौचालय साफ करायला लावलं. कॅमेऱ्यासमोर. त्यात ॲट्रॉसिटीखाली गुन्हा नोंदला गेला. औषधं का नव्हती, माणसं का कमी होती, हे प्रश्न त्या झाडूखाली सरकवले गेले. या देशात शिक्षा म्हणून काय द्यायचं तर झाडू, हे कुणी शिकवावं लागत नाही. आणि २२ मे २०१९ ला नायरमध्ये डॉ. पायल तडवीनं जीव दिला. आदिवासी घरातली, डॉक्टर झालेली पोर. जातीवरून छळ केल्याच्या आरोपाखाली तीन वरिष्ठ डॉक्टर बायांवर खटला उभा राहिला. इमारत कितीही मजल्यांची बांधा, लिफ्टमधून जात वर जातेच. प्लॅनमध्ये आगीची शिडी दाखवतात. यातून सुटकेची शिडी कुठल्या नकाशात दाखवलीय?

काही मित्र म्हणतील, तुम्ही विकासाच्या आड येता. गेल्या महिन्यात डब्यात एक जण म्हणालाच, "तुम्हाला नवं काही नकोच असतं." आम्हाला नवं हवंय, बाबा. आमच्याइतकं कुणालाच नको असेल इतकं जुनं आमच्या वाट्याला आलंय. पण नवी खाट चालू झाल्याशिवाय जुनी खाट हलवू नका. ९०० खाटा ठाण्यात बांधताय, बांधा. त्याच्या आधी शहापूरच्या उपजिल्हा इस्पितळात आणि मुरबाडच्या ग्रामीण इस्पितळात श्वासाचं मशीन आणि ते चोवीस तास चालवणारी माणसं बसवा. मण्यार, घोणस, बाळंतपण आणि हायवेवरचा अपघात, आमच्या भागात माणूस मरतो तो बहुतेक यातच, आणि यातलं काहीही ठाण्याला पोचेपर्यंत थांबत नाही. मुंबईत जमीन महापालिकेची असेल तर इस्पितळ महापालिकेचंच राहील. जी माणसं आज ठेक्यावर फरशी पुसतात, स्ट्रेचर ढकलतात, त्यांना आधी कायम करा, मग भूमिपूजनाचा नारळ फोडा. आणि केसपेपरवरचा पत्ता फक्त पत्र पाठवायला वापरा, दर ठरवायला नको.

हे मागून मिळणार नाही हे मलाही कळतं. सरकारला आकडे लागतात. आपल्या मरणाचे आकडे सरकारकडं असतात, पण आपल्या प्रवासाचे नसतात. एक माणूस किती दारांवरून 'पुढं' ढकलला गेला, किती तासांनी पहिल्या खाटेवर पडला, हे कुठल्याच रजिस्टरात एका ओळीत सापडत नाही. ते आपणच गोळा करायचं.

प्रत्येक इस्पितळ पुढं पाठवताना चिठ्ठी देतं. ती चिठ्ठी फेकू नका. देत नसतील तर मागा, अडून बसा. चिठ्ठीवर वेळ लिहून घ्या. घरात जुन्या चिठ्ठ्या, डिस्चार्ज कार्डं, रिक्षा-गाडीच्या पावत्या असतील त्या शोधा. आईच्या पत्र्याच्या पेटीत नक्की असतील. आपल्या आया कागद टाकत नाहीत. वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा आणि मुरबाडकडच्या पोरांनी आपापल्या वस्तीतून आणि पाड्यांवरून त्या जमवायच्या. पाड्यावरच्या आदिवासी भावांकडं स्वतः चालत जायचं, त्यांना बोलावून घ्यायचं नाही. मुंबईच्या वस्त्यांतल्या साथींनी गोवंडी-मानखुर्दच्या चिठ्ठ्या जमवायच्या. दुसऱ्या बाजूनं माहितीच्या अधिकाराचे अर्ज टाकायचे: कुठल्या इस्पितळात मशीनं किती, चालू किती, चालवणारे किती, रात्री किती. अर्जाचा नमुना या अंकाच्या शेवटच्या पानावर दिलाय. दहा रुपयांचा स्टँप लागतो. ज्याच्याकडं तेवढे नसतील त्यानं आमच्याकडून घ्यावेत.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आसनगाव स्टेशनाबाहेर जमायचं. मी सतरा चिठ्ठ्या आणतोय. त्यातल्या तीन काकीच्या. ती स्वतःही येणार आहे; नको म्हटलं तर ऐकत नाही.